आरसी मॉन्स्टर ट्रक आणि बग्गी : खान्देशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

परदेशी व्हिडिओत या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या हिरवळीवर पळतात आणि तिथे हवा असते वीस-बावीस अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. जमीन काळी, हवेत धूळ, आणि जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू. त्या व्हिडिओतलं सेटिंग जसंच्या तसं इथे लावलं तर मोटर जळते. खालची उत्तरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माती आणि ऊन धरून दिली आहेत.

सारंगखेड्याच्या यात्रेतून रिमोटची गाडी आणली आहे. तिलाच मोठी मोटर बसवू का?

नको. बसेल, पण आतले प्लास्टिकचे गिअर तासभरही टिकणार नाहीत आणि सुटे मिळणारही नाहीत. खेळण्यातल्या गाडीत रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि मोटर चालवणारं सर्किट एकाच पाटीवर असतं. स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही. हॉबीच्या गाडीत रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि मोटर हे चार भाग वेगवेगळे असतात. एक गेला तर तेवढाच बदलायचा. घेताना दुकानदाराला एकच विचारा : पुढचा खालचा आर्म, म्हणजे चाक चेसिसला जोडणारा दांडा, सुटा मिळतो का? तो गोंधळला तर पैसे खिशात ठेवा.

मॉन्स्टर ट्रक घ्यावा की बग्गी?

तुम्ही गाडी कुठे पळवणार त्यावर हे ठरतं. नांगरलेलं रान, ढेकळं, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा, काढलेल्या पऱ्हाटीचे खुंट अशा जागेत बग्गी पोटावर अडकते. तिथे उंच, मोठ्या चाकांचा मॉन्स्टर ट्रकच हवा, १/१० किंवा १/८ मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या किंवा आठव्या हिश्श्याइतका. लालिंग किल्ल्याच्या पायथ्यासारखी मुरमाड जमीन, शाळेचं मैदान, प्लॉट पाडलेली सपाट जागा असेल तर बग्गी घ्या. ती बुटकी आणि लांबट असते, वळणावर उलटत नाही, उडीवरून सरळ उतरते आणि चालवायला शिकवतेही. मॉन्स्टर ट्रक चुका पोटात घालतो, त्यामुळे हात सुधारत नाही, असं माझं मत आहे. तरी पहिली गाडी म्हणून मी ट्रकच सुचवेन. आपल्याकडे सपाट जागा शोधण्यातच अर्धा रविवार जातो.

सपाट जागा हाताशी असलेल्या नवख्याला १/१४ मापाची डब्ल्यूएल टॉइजची १४४००१ ही बग्गी बरी. चेसिस (खालचा सांगाडा) धातूची, ५५० मापाची ब्रश मोटर, टू-एस म्हणजे दोन सेलची बॅटरी, आणि पार्ट ऑनलाइन सहज मिळतात. ढेकळांत मात्र ती नेऊ नका.

"भो, हाई गाडी केवढाले लिन्ही?"

गाडी बाहेर काढली की किमतीचा हा प्रश्न येतोच, आणि नवीन माणूस फक्त गाडीचा आकडा सांगून मोकळा होतो. खरा हिशेब असा : गाडी, दोन बॅटऱ्या, बॅलन्स चार्जर (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणारा), एलन की आणि नट-ड्रायव्हरचा चांगला संच, आर्म आणि बेअरिंगचा सुटा साठा. गाडीच्या किमतीच्या निम्म्याइतके पैसे या बाकीच्या गोष्टींसाठी बाजूला ठेवलेत तर पहिल्या महिन्यात गाडी कपाटावर जाणार नाही. स्वस्त एलन की घेऊ नका. तिने स्क्रूचं डोकं गोल झालं की ड्रिल मारून काढण्यात दुपार जाते.

परदेशी साइटवरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आधीच धरा. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राची सक्ती आहे आणि तपासणीत अशी पार्सलं अडकू शकतात. भारतातल्या विक्रेत्याकडून थोडं महाग पडलं तरी सोयीचं जातं.

पेट्रोलवर चालणारी घेऊ का? आवाज भारी येतो.

लहान मापाच्या बहुतेक इंजिनगाड्या पेट्रोलवर नाही, नायट्रो इंधनावर चालतात. त्यात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. ते पंपावर मिळत नाही, ज्वालाग्राही म्हणून कुरिअरवाले घेत नाहीत, आणि मेथॅनॉलवर सरकारी बंधनंही आहेत. पेट्रोल ओतून ते इंजिन चालत नाही. त्यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो आणि तो मेथॅनॉलवरच तापलेला राहतो. खरी पेट्रोलची इंजिनं १/५ मापाच्या गाड्यांत येतात. त्या गाड्या वजनाने आणि किमतीने आपल्या कुवतीबाहेरच्या. आवाजाची हौस असेल तर मित्राच्या गाडीवर भागवा, स्वतः इलेक्ट्रिक घ्या.

टू-एस आणि थ्री-एस म्हणजे काय? थ्री-एस लावली तर दीडपट पळेल ना?

लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेल म्हणजे टू-एस, ७.४ व्होल्ट. तीन म्हणजे थ्री-एस, ११.१ व्होल्ट. मोटरवर लिहिलेला केव्ही आकडा गुणिले व्होल्ट केलं की मोकळ्या मोटरचे मिनिटाला किती फेरे ते कळतं. ३३०० केव्हीची मोटर टू-एसवर साधारण २४,४०० फेरे घेते आणि थ्री-एसवर ३६,६००. म्हणजे हो, कागदावर दीडपट. पण ईएससीवर थ्री-एस लिहिलेलं आहे का ते आधी पाहा, नाहीतर जोडताक्षणीच धूर निघेल. आणि पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, लहान केल्याशिवाय जोडूच नका. कारण पुढे येतं.

सेल ३.२ व्होल्टच्या खाली नेऊ नका. ईएससीमधला लायपो कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरला की मोटर तोडणारी सोय, चालू आहे याची खात्री करा. काही ईएससीवर तो छोट्या जंपरने ठरतो आणि जंपर निकेल बॅटरीच्या जागी लावून आलेला असतो.

उन्हाळ्यात बॅटरी फुगते. बॅटरी खराब आली का?

बहुतेक वेळा बॅटरी ठीक असते, आपली ठेवण्याची जागा चुकते. बहुतांश लायपो ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत हवाच तेवढी असते, आणि गाडी पळवून आणलेली बॅटरी त्याहून तापलेली. तीच लगेच चार्जरला लावली की ती फुगायला वेळ लागत नाही. गाडी सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर पळवा. बॅटरी बाहेर काढून सावलीत गार होऊ द्या, हाताला कोमट लागेनाशी झाली की मग चार्ज करा, तेही १ सी दराने. ५००० एमएएचच्या बॅटरीला १ सी म्हणजे ५ अँपिअर. घरात ती फरशीवर, मातीच्या कुंडीत किंवा विटांच्या चौकटीत ठेवून, माणूस समोर असतानाच चार्ज करा. उभ्या चारचाकीच्या डिकीत बॅटरी कधीच विसरू नका.

फुगलेली बॅटरी टाचणी टोचून सपाट करण्याचे उपाय कोणी सांगितले तर त्याच्या नादी लागू नका. ती पेट घेते.

बॅटरी पंपाची, म्हणजे फवारणीच्या पंपाची, १२ व्होल्टची बॅटरी गाडीत चालेल का?

दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो, कारण ती बॅटरी प्रत्येक घरात पडलेली असते. गाडीत चालणार नाही. जुन्या पंपांत ती शिशाची असते, वजन दोन किलोच्या पुढे, आणि गाडीला झटक्यात लागणारे पन्नास-साठ अँपिअर देताना तिचा व्होल्टेज बसतो. पण तिचा दुसरा उपयोग फार चांगला आहे. बऱ्याच बॅलन्स चार्जरना ११ ते १८ व्होल्टचं डीसी इनपुट असतं. शेतात वीज नसली तर चार्जर पंपाच्या बॅटरीला जोडा. १२ व्होल्ट ८ एएच म्हणजे ९६ वॉट-अवर. तिला अर्ध्याखाली उतरवू नये म्हटलं तरी टू-एस ५००० ची एक बॅटरी, म्हणजे ३७ वॉट-अवर, एकदा भरते. ट्रॅक्टरची बॅटरी असेल तर दिवसभराची सोय होते. फक्त ट्रॅक्टर पुन्हा चालू होण्याइतका दम तिच्यात ठेवा, नाहीतर घरचे बोलतील.

मोटर हात लावू देत नाही इतकी तापते. काय करू?

सगळ्यात जास्त मोटरी इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर.

मोटरवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर. पिनियनचे दात वाढवले की वरचा वेग वाढतो आणि मोटरवरचा भारही वाढतो. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचं आतलं गुणोत्तर, हे शेवटचं गुणोत्तर. समजा स्पर ५४, पिनियन १५, आतलं ३.३३. शेवटचं गुणोत्तर झालं १२. टायरचा व्यास ११५ मिलिमीटर असेल तर ३३०० केव्हीची मोटर टू-एसवर गाडीला ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास नेते, हवा आणि माती अडवत नाही असं धरून. त्याच गिअरवर थ्री-एस लावली की हिशेब ६६ वर जातो, आणि मोटर ती ताकद आणायला इतका करंट ओढते की पाच मिनिटांत वास येतो. पिनियन १३ केला की वेग ५७ च्या जवळ येतो आणि मोटर जगते.

टायर मोठे लावले तरी हेच होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. ११५ ऐवजी १३५ मिलिमीटरचे टायर लावणं म्हणजे पिनियनचे दोन-अडीच दात वाढवणं. मोठे टायर लावले तर दोन दात कमी करा.

आता ऊन. ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेल्या) मोटरचं बाहेरचं तापमान ८० अंशांच्या आत ठेवावं. आतलं त्याहून जास्त असतं, आणि फार तापल्यावर चुंबकाची ताकद कायमची कमी होते. बाहेरची हवा २० अंश असेल तर मोटरला तापायला ६० अंशांची मोकळीक मिळते. आपल्याकडे ४४ अंशांत ती ३६ च उरते. म्हणून डिसेंबरात जो पिनियन बिनघोर चालतो तोच एप्रिलमध्ये मोटर मारतो. होळीनंतर एक-दोन दात कमी करणं हा माझा ठरलेला नियम आहे. वेग कमी होतो, पण ढेकळांत वेग हवा कोणाला, जोर हवा असतो.

तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. कोरोनात घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच असते, ४३ च्या आसपास थांबते. इंडस्ट्रिअल गन ऑनलाइन मिळते. तीन मिनिटं पळवा, मोजा, पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा मोजा. आकडा चढतच गेला तर गिअर खाली आणा. हीटसिंक आणि पंखा नंतर.

पिनियन बदलल्यावर गिअर किरकिरतात.

मेश, म्हणजे दातांत दातांची बसवणूक, जमला नाही. शाळेच्या वहीची एक पट्टी फाडा, पिनियन आणि स्परच्या मधे घाला, मोटर दाबून स्क्रू कसा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर एकसारख्या घड्या पडल्या आणि ती फाटली नाही तर झालं. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच येऊ द्या आणि त्याला निळं थ्रेडलॉक लावा. ते धातूत धातू जातो तिथेच. प्लास्टिकवर पडलं तर काही प्लास्टिक तडकतं.

दातांचं मापही बघा. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल जवळजवळ सारखे आहेत, एकमेकांत चालतात. ४८ पिच त्यांत चालत नाही. १/८ गाड्यांत बहुधा १ मॉड्यूल असतो.

धुळीने काय काय बिघडतं?

बेअरिंग सगळ्यात आधी. गाडीत वीसेक बेअरिंगं असतात आणि बरीचशी साध्या मापाची : ५×१०×४, ५×११×४, १०×१५×४, ८×१६×५. बेअरिंगच्या दुकानात यातली बरीच मापं मिळतात. नंबर एमआर १०५, एमआर ११५, ६८८ असे सांगा. दुकानदार धातूच्या झाकणाचं झेडझेड देईल. तुम्ही रबर सीलचं टू-आरएस मागा. ते किंचित जड फिरतं, पण गिरणेच्या वाळूत तेच टिकतं. बेअरिंग खरखर करू लागलं तर ब्लेडच्या टोकाने सील उचला, रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, सील बसवा.

दुसरं, ईएससीचा पंखा. तो धूळ ओढून स्वतःच अडकतो आणि मग ईएससी तापून बंद पडतो. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा ताणून चेसिसवर बांधा, हवा जाते, माती जात नाही.

तिसरं ऐकून लोक हसतात. कापसाचे तंतू चाकामागच्या अ‍ॅक्सलवर गुंडाळले जाऊन बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. केळीच्या बागेजवळ वाळलेल्या पानांचे धागेही तेच करतात. दर वेळी चाकं काढून अ‍ॅक्सल बघा, ब्लेडने कापा. उघड्या गिअरला आणि हिंज पिनला तेल किंवा ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसून घासकागद तयार होतो.

शॉकअपमध्ये बाइकचं फोर्क ऑइल चालेल?

नको. खनिज तेल उन्हात फार पातळ होतं आणि काही ओ-रिंग त्यात फुगतात. सिलिकॉन तेलच घाला. मॉन्स्टर ट्रकला ३० ते ४० वेट (तेलाच्या घट्टपणाचं माप) धरून चालतात. उन्हाळ्यात एक पायरी घट्ट. तेल भरल्यावर शॉकअप उभा ठेवून दट्ट्या हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे निघून गेले की टोपी लावा. चाचणी सोपी : गाडी फूटभर उंचीवरून सपाट पडू द्या. पोट जमिनीला जेमतेम टेकून गाडी एकदाच वर आली आणि थांबली तर बरोबर. धपकन आपटली तर तेल घट्ट करा, दोन-तीनदा उसळली तरी घट्टच करा.

सगळे प्लास्टिकचे आर्म काढून अ‍ॅल्युमिनियमचे लावू का? दिसतात झकास.

दिसतात. पण नायलॉनचा आर्म धक्का बसला की वाकून पुन्हा सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकतो तो वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः वाचून धक्का चेसिसवर आर्म धरणाऱ्या बल्कहेडला देतो आणि महागडा भाग मोडतो. धातू लावायचाच तर स्टिअरिंगच्या बेलक्रँकला (सर्व्होचा जोर चाकांकडे नेणारा भाग), चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी हेक्सला, डिफच्या (डिफरन्शिअलच्या) गिअरला लावा. १/१० ला बहुधा १२ मिलिमीटरचा हेक्स असतो, १/८ ला १७.

नायलॉनची एक गंमत आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि त्या ओलीनेच चिवट राहतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी की आर्म कडक होतात आणि ताडकन तुटतात. नवे आर्म अर्धा तास पाण्यात उकळवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरणार असाल तर आधी परवानगी काढा.

थ्रीडी प्रिंट करून घेत असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे मे महिन्यात बंद कारमध्ये ठेवलेला बंपर संध्याकाळी वाकडा मिळेल. पीईटीजी बरं, बंपरला टीपीयू उत्तम. पोटाखालची पट्टी प्रिंट करूच नका. पाण्याचा जुना निळा ड्रम एचडीपीईचा असतो, त्यातून कापा. घासते पण फुटत नाही.

काळ्या मातीत कोणते टायर?

कोरड्यात उंच, मोकळ्या अंतराच्या गुट्ट्यांचे. बारीक गुट्टे एका फेरीत बुजतात. रिममध्ये किंवा टायरमध्ये हवा जायला भोकं असतात; पाण्यातून गेलात तर त्यातूनच पाणी आत जातं आणि फोम भिजून चाक जड होतं. टायर रिमला चिकटवायला फेविक्विक चालतं, फक्त रिमची कड आधी स्पिरिटने पुसा.

पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या मातीत गाडी घालू नका. चिखल आर्म आणि चाकाच्या मधे भरतो, चाक फिरेनासं होतं, मोटर जागीच अडकून जळते. तेव्हा मुरूम शोधा.

भंगारातून घरीच गाडी बनवता येईल का?

येईल, आणि शिकायला यासारखं दुसरं काही नाही. कॉर्डलेस ड्रिलमधली ५५० मोटर उपयोगी पडते. तिच्या पुढच्या स्क्रूंमधलं अंतर आणि ३.१७ मिलिमीटरचा शाफ्ट हॉबीच्या ५४० मोटरशी जुळतो. ड्रिलचा गिअरबॉक्सही घ्या. वायपर मोटर घेऊ नका, ती इतकी सावकाश फिरते की गाडी चालतच जाईल. चेसिसला ३ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम. खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडचं ६०६३ मऊ असतं, उड्या मारणार असाल तर ६०६१ चं पान शोधा आणि लेथवाल्याकडून भोकं अचूक पाडून घ्या. डिफ, आर्म आणि नकल (चाक धरणारा सांधा) मात्र विकतचेच घ्या. १/१० चे तयार संच मिळतात.

वेगात वळवलं की रिमोटचा संपर्कच तुटतो.

रिमोट बहुधा ठीक असतो. सर्व्हो जोर लावताना ईएससीमधल्या बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणाऱ्या भागाचा, व्होल्टेज पडतो आणि रिसीव्हर क्षणभर बंद होतो. मोठे टायर आणि जोरदार सर्व्हो एकत्र आले की हे होतं. वेगळा बीईसी लावा किंवा रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत कपॅसिटर घाला. फेलसेफ मात्र आधी सेट करा, म्हणजे सिग्नल गेला तर गाडी थांबते, कोणाच्या पायावर जात नाही.

बॉडीवर साधा स्प्रे चालतो का?

चालत नाही, पहिल्याच कोलांटीत पापुद्रे निघतात. बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची असते; त्याचाच रंग आणा, आतून मारा. गडद रंग आधी.

ट्रॅक कुठे आणि कसा करायचा?

गहू-हरभरा निघाल्यावर रिकामं झालेलं रान, मालकाला विचारून. कडेला लावायला ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळ्यांसारखं काही नाही. जैन इरिगेशनच्या जिल्ह्यात त्या ढिगाने पडलेल्या असतात. खुंटीने जमिनीला धरून ठेवा. गाडी चढली तरी मोडत नाही आणि वळण बदलायचं तर नळी उचलून दुसरीकडे. उडीसाठी मातीचा उंचवटा करून पाणी मारा, वरून पाट्याने ठोका, रात्रभर वाळू द्या. उतरायची बाजू चढाच्या दुप्पट लांब करा, नाहीतर नाक आपटतं.

हिवाळ्यातली भरीत पार्टी ही यासाठी सगळ्यात चांगली वेळ. माणसं जमलेली असतात, हवा गार असते, आणि वांगी भाजून होईपर्यंत दोन बॅटऱ्या संपतात. पेरलेल्या वावरात, रेल्वेच्या जागेत आणि हायवेवर गाडी नेऊ नका. चार किलोचा ट्रक ताशी पन्नासने दुचाकीच्या चाकाखाली गेला तर काय होईल ते सांगायला नको. गुरं बांधलेली असतील तिथेही नको, बैल बुजतात.

लहान पोरांच्या हातात द्यावी का?

द्या, पण रिमोटवरचा थ्रॉटल ५० टक्क्यांवर बांधून. बऱ्याच ईएससी आणि रिमोटमध्ये ही सोय असते. पोर गाडी उचलायला पळतं तेव्हा रिमोट तुमच्या हातात हवा.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची आहे.

बॅटरी चार्जरच्या स्टोरेज मोडवर घालून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणा. भरलेली ठेवली तर फुगते, रिकामी ठेवली तर मरते. गाडी विटेवर ठेवा म्हणजे टायर बसणार नाहीत. डिफ उघडून तेल बघा, काळं झालं असेल तर बदला. बेअरिंगं धुऊन तेल देऊन ठेवा. आणि महिन्यातून एकदा बॅटरीचा व्होल्टेज तपासा, ३.७ च्या खाली गेलेला सेल दिसला तर चार्जरला लावून पुन्हा ३.८ वर आणा.